वुडन सरांकडून शिकायचं तर पहिली पंधरा वर्षं शिका: नागपुरात शाळा-कॉलेजची बास्केटबॉल टीम उभी करताना

पहिल्या दिवशी पोरांच्या हातात बॉल देऊ नका. आधी मोजे घालायला शिकवा.

अमेरिकेत जॉन वुडन नावाचे एक कॉलेज कोच होऊन गेले, लॉस एंजेलिसच्या यूसीएलए युनिव्हर्सिटीचे. १२ सीझनमध्ये १० वेळा एनसीएए या कॉलेज-खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचं अजिंक्यपद, त्यातली ७ तर सलग, १९६७ ते १९७३. आणि हे सर दर सीझनच्या पहिल्या दिवशी देशातली निवडून आणलेली भारी भारी पोरं समोर बसवून मोजा कसा ओढायचा, टाचेपाशी आणि करंगळीपाशी हात फिरवून सुरकुती कशी काढायची, लेस खालपासून एकेका भोकातून कशी आवळत आणायची हे स्वतः करून दाखवायचे. कारण एकदम साधं, सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की पोरगा दोन दिवस बाहेर बसतो, आणि बाहेर बसलेल्या पोराला तुम्ही काहीच शिकवू शकत नाही.

मला हे वाचून माहीत होतं तरी मी पहिली दोन वर्षं केलं नाही, वाटायचं दहावीतल्या पोरींना मोजे काय शिकवायचे. मग एका शाळांच्या स्पर्धेत सेमीफायनलच्या हाफटाइमला माझी पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ चालवणारी पोरगी, बूट काढून बसली, टाचेवर रुपयाएवढा फोड आणि मोजा रक्तानं चिकटलेला. आपले कोर्ट बहुतेक सिमेंटचे, एप्रिलमध्ये सकाळी आठलाच खालून चटका मारतात, त्यात पोरींनी मोठ्या भावाचे बूट घातलेले असतात अर्धा नंबर मोठे. ती पोरगी तशीच खेळायला निघाली होती, मी नाही खेळू दिलं, आणि त्या दिवसापासून माझा पहिला दिवस मोज्यांचाच असतो. जाड सुती मोजा, बूट घालून उभं राहिल्यावर अंगठ्यापुढे जेमतेम बोटाच्या नखाएवढी जागा, आणि लेसला दोन गाठी. पंधरा मिनिटं लागतात.

आता मुद्द्यावर येतो. वुडन सरांबद्दल जो तो १० अजिंक्यपदं सांगतो, ८८ मॅचची विनिंग स्ट्रीक सांगतो, करीम अब्दुल-जब्बार आणि बिल वॉल्टन हे पुढे गाजलेले खेळाडू त्यांच्याच हाताखालून गेले हे सांगतो. सगळं खरंच आहे. पण सर यूसीएलएला आले १९४८ मध्ये आणि पहिलं अजिंक्यपद मिळालं १९६४ मध्ये. म्हणजे पंधरा सीझन राष्ट्रीय अजिंक्यपदाशिवाय गेले. आणि जिम कसं होतं, तर जुनं, कोंदट, त्याच हॉलमध्ये एका बाजूला कुस्तीवाले, दुसऱ्या बाजूला जिमनॅस्टिकवाले, मध्ये हे, आणि प्रॅक्टिसच्या आधी सर मॅनेजर पोरांसोबत स्वतः फरशी झाडून पुसून घ्यायचे. पुढे आगीच्या नियमांमुळे तिथे प्रेक्षक बसवण्यावर मर्यादा आली तेव्हा घरच्या मॅचसुद्धा इकडे तिकडे जाऊन खेळाव्या लागल्या. पॉली पॅव्हिलियन हे त्यांचं मोठं स्टेडियम उघडलं १९६५ मध्ये, म्हणजे दोन अजिंक्यपदं जिंकून झाल्यावर.

तर आपल्याला, म्हणजे ज्याच्याकडे एक कोर्ट, दोन रिंग, चौदा पोरं, सहा बॉल आणि बाजूला क्रिकेटची प्रॅक्टिस सुरू आहे अशा माणसाला, पॉली पॅव्हिलियनवाला वुडन काही कामाचा नाही. झाडू मारणारा वुडन कामाचा आहे. मी जे खाली लिहून राहिलो त्यातलं बरंचसं त्या पंधरा वर्षांतलं आणि त्याच्याही आधीचं आहे, आणि ते धरमपेठेतल्या कोर्टवरही चालतं, कामठी रोडच्या शाळेतही चालतं.

थोडक्यात हा माणूस कोण

जन्म १९१०, इंडियाना राज्यातलं खेडं, घरची शेती होती ती पुढे हातची गेली. मार्टिन्सव्हिलच्या हायस्कूलकडून खेळताना १९२७ मध्ये राज्य अजिंक्यपद, मग परड्यू युनिव्हर्सिटीत गार्ड म्हणून तीन वर्षं ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या निवडक उत्तम खेळाडूंत, आणि डिग्री घेतली इंग्रजीची. १९३२ मध्ये लग्न झालं आणि लगेच केंटकीतल्या डेटन गावच्या शाळेत मास्तरकी प्लस कोचिंग. पहिल्याच वर्षी टीम ६ जिंकली आणि ११ हरली. ज्यांचं पहिलं वर्ष सुरू आहे त्यांनी हा आकडा लक्षात ठेवा, कारण पूर्ण करिअरमधला त्यांचा हाच एक हरलेला सीझन. मग साऊथ बेंडच्या शाळेत बरीच वर्षं इंग्रजी शिकवणं आणि कोचिंग, दुसऱ्या महायुद्धात नेव्ही, मग १९४६ ते १९४८ इंडियाना स्टेट हे कॉलेज, आणि मग यूसीएलए, ते १९७५ पर्यंत. हे मी एवढ्यासाठी सांगितलं की माणूस आधी शाळेतला सर होता आणि शेवटपर्यंत स्वतःला शिक्षकच म्हणवून घ्यायचा.

कार्ड लिहा

माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे आणि हीच आपल्याकडे कोणी करत नाही. वुडन सर रोज सकाळी आपल्या असिस्टंटसोबत सुमारे दोन तास बसायचे, फक्त त्या दिवशीच्या दोन तासांच्या प्रॅक्टिसचं प्लॅनिंग करायला. मग ते एका छोट्या कार्डावर उतरवायचे, पोस्टकार्डापेक्षा लहान कार्ड, त्यात मिनिटामिनिटाचा हिशोब, कोणता ड्रिल किती वाजता, कोण कोणत्या रिंगखाली, कुठे किती बॉल. ते कार्ड खिशात घेऊन कोर्टवर यायचे आणि ठरलेल्या वेळेला प्रॅक्टिस बंद म्हणजे बंद. आणि कार्डं फेकायचे नाहीत, सगळं वहीत जपून, काय चाललं काय नाही चाललं ते बाजूला लिहून, म्हणजे चार वर्षांपूर्वी याच आठवड्यात काय केलं होतं ते काढून बघता यायचं.

आपल्याकडे काय होतं, सर येतात, शिटी वाजते, पाच राउंड मारा, मग लेअपची, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून बॉल टाकायची, लाइन, एक जण मारतो आणि तेरा जण उभे, मग अर्धा तास मॅच आणि घरी. तुम्ही एकदा घड्याळ लावून एकाच पोरावर नजर ठेवा, दीड तासात त्याच्या हातात बॉल किती मिनिटं आला ते बघा. मी बघितलं होतं आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, कारण ते पोरगं हिंगण्याहून सकाळी सायकल हाणत यायचं.

कार्ड कसं लिहायचं ते सांगतो. शाळेच्या साध्या वहीचं पान आडवं अर्धं फाडा, जास्त जागा नकोच, जागा कमी असली की डोकं जास्त चालतं. वर तारीख आणि आजची एकच नवीन गोष्ट लिहा, एकच, दोन नाही. समजा पावणेसहाची प्रॅक्टिस आहे आणि सव्वासातला संपवायची आहे. पहिली दहा मिनिटं वॉर्मअप, पण नुसतं धावणं नको, प्रत्येकाच्या हातात बॉल किंवा दोघा-तिघांत एक बॉल, ड्रिबल करतच धावायचं. वुडन सर दम वाढवायला वेगळं पळवायचे नाहीत, ड्रिलच इतक्या वेगानं घ्यायचे की दम आपोआप वाढायचा, आणि सहा बॉल असणाऱ्या कोचला हे जास्त पटलं पाहिजे कारण आपल्याकडे वेळ त्यांच्याहून कमी आहे. मग नवीन गोष्ट, ताज्या पायांवर आणि ताज्या डोक्यावर, दहा ते पंधरा मिनिटं. मग काल आणि परवा शिकवलेलं, पाच-पाच, सात-सात मिनिटांचे तुकडे. मग पाणी, आणि पाण्याची वेळही कार्डावर लिहा, एप्रिल-मे मध्ये दर पंधरा मिनिटांनी, यात काटकसर नाही. मग तीन विरुद्ध तीन, मग पूर्ण कोर्ट. शेवटची पाच मिनिटं पोरांना आवडणारं काहीतरी, म्हणजे उद्या यायची इच्छा राहते.

आणि कोण कुठे उभं राहील ते नावासकट लिहा. "दोन रिंग, चौदा पोरं" एवढं पुरत नाही. उत्तरेच्या रिंगखाली सात, तीन बॉल, त्यातले चार जण पासिंग आणि तीन जण शूटिंग, अडीच मिनिटांनी बदली. हे लिहायला पहिल्या आठवड्यात मला तास लागायचा, आता वीस मिनिटं लागतात, चहा पिता पिता होतं. कोर्टवर उभं राहून ठरवलं की प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं जातात आणि तेवढ्यात पोरं आपसात मस्ती सुरू करतात, मग आपण ओरडतो, आणि चूक पोरांची नसतेच.

प्रॅक्टिस संपली की कार्डाच्या मागे दोन ओळी. काय जमलं, काय नाही, कोणाचं काय राहिलं. पावसाळ्यात तीन दिवस कोर्ट ओला राहिला आणि व्हरांड्यात बॉलहँडलिंग घेतलं तेही लिहा. एका वर्षानं ही कार्डं म्हणजे तुमचं स्वतःचं पुस्तक होतं आणि ते तुमच्याच कोर्टवरचं, तुमच्याच पोरांचं असतं.

तोंडातून काय निघतं ते मोजा

१९७४-७५ च्या सीझनमध्ये, म्हणजे सरांच्या शेवटच्या वर्षी, रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या प्रॅक्टिसला जाऊन बसले. पंधरा प्रॅक्टिस, सुमारे तीस तास, आणि सर जे जे बोलले-केले ते नोंदत गेले. २,३२६ नोंदी झाल्या. त्यांना वाटलं होतं की एवढा मोठा कोच म्हणजे भाषणं असतील, प्रेरणा असेल. भाषण नव्हतंच. साधारण पाऊण हिस्सा नुसती माहिती होती, काय कर, कसं कर, कुठे उभा राहा. शाबासकी सात टक्क्यांच्याही आत आणि रागावणं पण जवळपास तेवढंच. छोटी छोटी वाक्यं, पटकन, खेळ न थांबवता.

यातली एक पद्धत मी रोज वापरतो. पोरगं चुकलं की सर पटकन बरोबर कसं ते करून दाखवायचे, मग तू आत्ता काय केलंस ते दाखवायचे, मग परत बरोबर. तीन कृती, सगळं मिळून चार-पाच सेकंद, आणि लगेच खेळ पुढे. शेवटी डोळ्यासमोर बरोबरवालं राहतं. आपण बरेचदा चुकीची नक्कल करून दाखवतो, सगळी हसतात, आणि त्या पोराच्या डोक्यात तेवढंच राहतं, चूक आणि हसू.

तुम्ही हे करा. एक दिवस मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करून शर्टाच्या खिशात ठेवा आणि प्रॅक्टिस घ्या. घरी येऊन ऐका, कागदावर तीन रकाने करा, माहिती, शाबासकी, ओरडणं, आणि रेघा मारत जा. मी केलं तेव्हा अर्ध्याहून जास्त रेघा अशा वाक्यांच्या होत्या की ज्यातून पोरांना काहीच कळत नाही, "चल चल चल", "जोरात बे", "काय करून राहिला", "लक्ष कुठे आहे". आता "काय करून राहिला" याच्या जागी काय म्हणायचं ते आधीच ठरवून ठेवा. "डावा पाय पुढे." "कोपर आत." "बॉल बघू नको, रिंग बघ." "पास देऊन थांबू नको, रिंगकडे काप." तीन-चार शब्दांचं वाक्य आणि त्यात शरीराचा एखादा भाग किंवा कोर्टची एखादी जागा आलीच पाहिजे. हा नियम मी स्वतःला घालून घेतला आणि महिनाभरात पोरांच्या खेळात फरक दिसला, त्याहून जास्त त्यांच्या चेहऱ्यात दिसला.

शिकवायचा क्रमही सरांचा ठरलेला होता. आधी सांगायचं, मग करून दाखवायचं, मग पोरांनी करायचं, मग दुरुस्ती, आणि मग परत परत परत. शेवटचा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून आपण सोडतो. सोडू नका, फक्त रूप बदला, आज पिव्हट, म्हणजे एक पाय जागेवर ठेवून वळणं, पासिंगमध्ये घ्या, उद्या रिबाउंडनंतर घ्या, परवा तीन विरुद्ध तीनमध्ये, पोरांना वाटतं नवीन आहे पण पाय तेच शिकत असतात.

आणि दर ऑफ सीझनला सर एकच विषय घेऊन अभ्यास करायचे, यंदा फक्त फ्री थ्रो, पुढल्या वर्षी फक्त दुसरं काहीतरी, आणि इतर कोचना विचारायचे. एवढा माणूस दुसऱ्यांना विचारत होता. तर तुम्हीही मे महिन्यात एक विषय धरा आणि शहरातल्या जुन्या लोकांना जाऊन विचारा. शिवाजीनगरच्या कोर्टवर संध्याकाळी जाऊन बसा, मानकापूरच्या संकुलात कॅम्प असला की बघायला जा, ज्यांनी वीस-वीस वर्षं पोरं खेळवली आहेत ती माणसं भरभरून सांगतात, कोणी विचारतच नाही हाच प्रश्न आहे.

उंची नाही तर पाय वापरा

"सर आपल्याकडे हाइटच नाही", हे वाक्य मी दर स्पर्धेत ऐकतो. १९६४ च्या यूसीएलए टीमच्या पहिल्या पाचांत ६ फूट ५ इंचाच्या वर एकही जण नव्हता. वॉल्ट हॅझर्ड, गेल गुडरिच, जॅक हर्श, कीथ एरिक्सन, फ्रेड स्लॉटर. त्या टीमनं ३० पैकी ३० मॅच जिंकल्या. फायनलला समोर ड्यूक युनिव्हर्सिटी, त्यांच्याकडे ६ फूट १० इंचाचे दोन जण, आणि यूसीएलए ९८-८३ नं जिंकली. पहिल्या हाफमध्ये अडीच-एक मिनिटांत सलग १६ पॉइंट काढले तिथेच मॅच फिरली.

हे झालं झोन प्रेसमुळे, म्हणजे कोर्टभर जागा वाटून घेऊन समोरच्यावर दबाव टाकायचा; पुढे दोन, मध्ये दोन, मागे एक असा २-२-१ प्रेस. आणि हा प्रेस त्या सीझनला लावू या असा हट्ट असिस्टंट कोच जेरी नॉर्मनचा होता. सरांनी स्वतः आधी शाळेत आणि इंडियाना स्टेटला प्रेस वापरला होता पण यूसीएलएला तो टिकवून वापरला नव्हता, असिस्टंटनं पटवलं आणि त्यांनी ऐकलं. म्हणून म्हणतो, असिस्टंट ठेवा, पगार नसला तरी एखादा जुना खेळाडू ठेवा आणि त्याचं ऐका.

प्रेसचा उद्देश नीट समजून घ्या, नाहीतर पोरं नुसती बॉलवर झडप घालून फाउल करतात. त्या काळी कॉलेज बास्केटबॉलमध्ये शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत शॉट मारायची सक्ती, नव्हता, त्यामुळे उंच टीम हळूहळू चालत यायची, आपल्या उंच माणसाला बॉल द्यायची आणि खेळ संपला. प्रेसनं त्यांना चालूच द्यायचं नाही. खेळाचा वेग वाढवायचा, उंच माणसाला पळवायचं, घाईत चुकीचा पास करायला लावायचा. बॉल हिसकावणं हा बोनस.

मांडणी अशी. पुढचे दोघे पहिला पास आत येऊ देतात, मग ड्रिबल करणाऱ्याला कोर्टच्या मधोमध न येऊ देता साइडलाइनकडे ढकलतात. साइडलाइन हीच तुमची सहावी खेळाडू, तिच्यापाशी दोघांनी मिळून कोंडायचं, हात वर, बॉलला हात न लावता. मधल्या दोघांपैकी एक साइडलाइनवरचा पुढचा पास तोडायला, दुसरा मधोमध. आणि मागे एकटा, जो सगळ्यात शहाणा असेल तो, सगळ्यात उंच असलाच पाहिजे असं नाही. १९६४ ला तिथे एरिक्सन होता. आज आपण फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानं खेळतो, ८ सेकंदांत बॉल अर्ध्या कोर्टच्या पुढे न्यावा लागतो आणि २४ सेकंदांत शॉट, म्हणजे तेव्हापेक्षा आज प्रेस जास्त लागतो. पाच सेकंद वर अडकवलं तरी समोरच्याचं गणित बिघडलं.

शिकवताना आधी पाचही जण चालत, बॉल हातात घेऊन चालणाऱ्या पोरावर, नंतर अर्ध्या वेगानं, आणि पूर्ण वेगानं दुसऱ्या आठवड्यात. आणि एक विनंती, बारा-तेरा वर्षांच्या पोरांना झोन प्रेस शिकवू नका. त्या वयात तो लावला की मॅच जिंकता येते कारण समोरच्या पोरांचा हात अजून लांब पास द्यायला पुरत नाही, पण तुमची पोरं मॅन-टू-मॅन, म्हणजे प्रत्येकानं समोरचा एकेक खेळाडू धरून राखणं, शिकत नाहीत आणि सतराव्या वर्षी उघडी पडतात. आधी पाय, मग मॅन-टू-मॅन, मग प्रेस.

नाही म्हणायची वेळ येते

१९४७ मध्ये इंडियाना स्टेटला एनएआयबी या राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण आलं. त्या स्पर्धेत काळ्या खेळाडूंना बंदी होती. टीममध्ये क्लॅरेन्स वॉकर होता, तो काही पहिल्या पाचातला स्टार नव्हता, पण वुडन सरांनी आमंत्रण नाकारलं. पुढच्या वर्षी स्पर्धेला नियम बदलावा लागला, टीम गेली, वॉकर खेळला, अशा कॉलेज स्पर्धेत खेळणारा तो पहिला आफ्रिकन-अमेरिकन खेळाडू ठरला. टीम फायनलला लुइव्हिलकडून हरली.

मी हे दर वर्षी पोरांना सांगतो. बाहेरगावच्या एका स्पर्धेत आमची जेवायची सोय एका घरी केली होती आणि तिथे आडनावं विचारून एका पोराचं ताट वेगळं मांडलं. दीक्षाभूमीच्या शहरातून गेलेली टीम ती. मला काही बोलावंच लागलं नाही, कॅप्टन उठला, मागोमाग बाकीची उठली, आम्ही बसस्टँडवर येऊन पोहे खाल्ले. तुम्ही कोच असाल तर हे कधीतरी येणारच, कधी आडनावावरून, कधी मुलींना भर दुपारी एकची मॅच देण्यावरून, आणि तेव्हा विचार करायला वेळ नसतो. म्हणून आधीच ठरवून ठेवा आणि पालकांनाही सीझनच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा की अशा वेळी आपण वॉकओव्हर देऊ.

नोकरी, पैसा आणि शब्द

यूसीएलएनं सुरुवातीला सरांना वर्षाला ६ हजार डॉलर दिले आणि शेवटपर्यंत पगार ३५ हजार डॉलरच्या वर गेला नाही. आजच्या अमेरिकन कॉलेज कोचचे आकडे ऐकून या क्षेत्रात येणार असाल तर ते आकडे विसरा. आपल्याकडे रस्ता असा आहे, बीपीएड ही शारीरिक शिक्षणाची पदवी करा, जमलं तर एमपीएड, आणि पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंगचा डिप्लोमा, तेवढा वेळ नसेल तर त्यांचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स. शाळेत पीटी शिक्षक किंवा कॉलेजात क्रीडा विभाग आणि सोबत सकाळ-संध्याकाळ क्लब. एका गोष्टीवर घर चालत नाही सुरुवातीला, हे घरच्यांना आधीच सांगा.

आणि नोकरीत शब्द पाळा. १९४८ मध्ये सरांना खरं तर मिनेसोटा युनिव्हर्सिटीला जायचं होतं, फोन यायची वेळ ठरलेली, बर्फाच्या वादळानं लाइन बंद, फोन आला नाही म्हणून त्यांनी यूसीएलएला हो म्हटलं. नंतर मिनेसोटाचा फोन आला, पण हो म्हणून झालं होतं, मग बदललं नाही. आपल्या शहरात सगळे सगळ्यांना ओळखतात. जूनमध्ये एका शाळेला हो म्हणून जुलैत दुसरीकडे गेलात तर पोरांना तीन महिने कोच नसतो.

काय घेऊ नये

सरांचा सगळाच कित्ता गिरवायचा नाही. केस लहान, दाढी नाही हा त्यांचा नियम होता, बिल वॉल्टन वाढलेल्या केसांनी आला तेव्हा त्यालाही सरळ सांगितलं की तुझ्या मताचा आदर आहे पण मग तुझ्याविना खेळावं लागेल, आणि तो जाऊन कापून आला. यातलं स्टारला आणि राखीव खेळाडूला नियम सारखाच हे मी घेतो. केसांचं मी घेत नाही, माझे नियम तीनच आहेत, वेळेवर यायचं, शिवी द्यायची नाही, सोबत्यावर ओरडायचं नाही.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. सॅम गिल्बर्ट नावाचा एक श्रीमंत व्यावसायिक यूसीएलएच्या खेळाडूंना वस्तू-सवलती द्यायचा, आणि सर निवृत्त झाल्यावर सहा वर्षांनी, १९८१ मध्ये, एनसीएएनं युनिव्हर्सिटीवर कारवाई केली. सरांवर स्वतःवर ठपका आला नाही पण त्यांच्या काळात हे सुरू होतं आणि त्यांनी जास्त खोलात बघायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे पण कोणी भाऊ येतात, बूट देतो म्हणतात, टीशर्टवर फोटो छापतात. घ्या, बूट लागतातच, पण शाळेच्या नावानं घ्या, सगळ्या टीमसाठी घ्या, लिहून ठेवा आणि पालकांना सांगा. एकट्या पोराला कोणी परस्पर काही देत असेल तर त्याच दिवशी त्याच्या आईवडिलांशी बोला.

शेवटचा ड्रिल

१९ जानेवारी १९७४, नोत्र दाम युनिव्हर्सिटीच्या मैदानावर यूसीएलए ७०-५९ नं पुढे, साडेतीन-एक मिनिटं शिल्लक, आणि सलग ८८ मॅच जिंकलेले. शेवटचे १२ पॉइंट सगळे नोत्र दामचे. ७१-७०. स्ट्रीक तिथे संपली.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे तुम्हाला कार्डं लिहायला उन्हाळा आहे. पहिल्या कार्डावर मोजे लिहा, आणि महिनाभरानं पोरं थोडी तयार झाली की एका कार्डाच्या शेवटी हे टाका. खडूनं भिंतीवर ७०-५९ लिहायचं, मोबाईलवर साडेतीन मिनिटं लावायची, पाच जण पुढे असलेले, पाच मागे असलेले, बॉल मागे असलेल्यांना, प्रेस लावायला परवानगी, टाइमआउट नाही. वेळ संपली की स्कोअर कार्डाच्या मागे लिहायचा, बाजू बदलायच्या आणि परत तेच.